कथेचा पगार कोण देतं?

वादाला निमित्त झालं ३० लाख रुपयांच्या एका धनादेशाचं. सप्टेंबर २०२५ मध्ये रायपूरच्या समारंभात हिंद युग्म या प्रकाशनाने विनोदकुमार शुक्ल यांना ‘दीवार में एक खिड़की रहती थी’ या कादंबरीच्या सहा महिन्यांच्या विक्रीवरची रॉयल्टी म्हणून ही रक्कम दिली. बातमी मराठी लेखकांच्या व्हॉट्सॲप गटांवरही फिरली. पुण्यातल्या एका भाचीने ती आपल्या मामाला पाठवली, सोबत तीन उद्गारचिन्हं. मामाचं उत्तर लगेच आलं: ‘कादंबरी १९९७ची. मधली २८ वर्षं कोणाच्या पैशावर?’

पुढच्या रविवारी दोघं मामाच्या घरी भेटली ती हाच प्रश्न घेऊन.

मामा सत्तरी ओलांडलेला. अप्पा बळवंत चौकाजवळ त्याने आधी छापखाना चालवला, मग छोटं प्रकाशन काढलं. दहावीची गाइडं छापायची आणि त्या पैशातून वर्षाला दोन कथासंग्रह काढायचे, असा त्याचा धंदा. भाची पस्तिशीची. बँकेतली नोकरी सोडून तिने चार मित्रांसोबत नाटकाचा ग्रुप काढला. भारतीय भाषांमधल्या कथा निवडायच्या, त्यांची रंगावृत्ती करायची आणि साठ-सत्तर खुर्च्यांच्या जागेत प्रयोग करायचे, हे तिचं काम. स्वतःचा एक कथासंग्रहही तिच्या नावावर आहे. आवृत्ती पाचशेची, त्यातल्या दीडशे प्रती अजून तिच्या पलंगाखाली.

“मामा, तुला आनंद होतच नाही का रे कशाचा?” तिने चप्पल काढता काढताच सुरुवात केली.

“झाला ना. पण शुक्ल रायपूरला शेतकी विद्यापीठात शिकवायचे. कृषी विस्तार हा त्यांचा विषय. दर महिन्याला पगार यायचा. तो नसता तर ‘नौकर की कमीज’ही नसती आणि खिडकीही नसती. तुम्ही लोक म्हणता, स्वतंत्र प्रकाशक, स्वतंत्र रंगभूमी, स्वतंत्र सिनेमा. मी म्हणतो, या सगळ्याला सर्वांत मोठं अनुदान दिलंय ते लेखकाच्या नोकरीने. त्या अनुदानाचा अर्ज नसतो म्हणून ते कोणाला दिसत नाही.”

मामाचं हे म्हणणं ऐकायला रुक्ष आहे, पण एकेक नाव काढत गेलं की टिकतं. विवेक शानभाग इंजिनियर. युनिलिव्हरसारख्या कंपनीतली नोकरी सांभाळत त्यांनी कन्नडमध्ये कथा-कादंबऱ्या लिहिल्या आणि ‘देश काल’ हे दर्जेदार त्रैमासिकही काही वर्षं चालवलं. गोव्याचे दामोदर मावजो यांचं माजोर्ड्याला दुकान. ज्ञानपीठ मिळालेल्या या कोंकणी कथाकाराची कित्येक पात्रं त्या काउंटरपलीकडूनच आली असणार. जयंत पवार ‘महाराष्ट्र टाइम्स’मध्ये पत्रकार. पेरुमाळ मुरुगन सरकारी महाविद्यालयात तमिळचे प्राध्यापक. कन्नड कथाकार बानू मुश्ताक आधी ‘लंकेश पत्रिके’च्या वार्ताहर आणि मग हासनला वकील. या मंडळींच्या पुस्तकांमागचे लेखक-परिचय वाचताना नोकरीचा उल्लेख शेवटच्या ओळीत येतो, तोही जन्मगावाच्या बरोबरीने.

“आणि रंगभूमीचं काय वेगळं होतं?” मामा पुढे म्हणाला. “अरविंद आणि सुलभा देशपांडे, अरुण काकडे यांनी १९७१मध्ये ‘आविष्कार’ काढली. पुढे दादरला छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये प्रायोगिक नाटकं सुरू झाली. शाळेचा हॉल! त्या चळवळीवर पुस्तकं आली, परिसंवाद झाले. पण नटमंडळी ऑफिसातून सुटून लोकलने तालमीला यायची, हे कोण लिहितं? त्यांच्या साहेबांनी पाच वाजता सोडलं नसतं तर कुठला आविष्कार?”

भाचीने हे शांतपणे ऐकून घेतलं. तिच्याकडे वेगळं नाव होतं.

“नवनाथ गोरे,” ती म्हणाली.

मामा गप्प राहिला. जत तालुक्यातल्या या तरुण लेखकाच्या ‘फेसाटी’ कादंबरीला २०१८ला साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. गोरे नगर जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवत होते. २०२०च्या टाळेबंदीत कॉलेजं बंद झाली, तास बंद झाले, पैसेही बंद झाले. आणि अकादमीचा पुरस्कारविजेता लेखक गावाकडे शेतमजुरी करतोय, अशा बातम्या वर्तमानपत्रांत आल्या. बातम्या आल्यावर एका शिक्षणसंस्थेने त्यांना कामावर घेतलं.

“तुझ्या अनुदानाचा अर्ज नसतो म्हणालास ना? पण निवड समिती असते,” भाची म्हणाली. “कायम नोकरी कोणाला मिळाली, कोणत्या पिढीत, कोणत्या जातीत, बाईला की पुरुषाला, हे आधी ठरतं. मग त्यांच्यातून लेखक निघतात, आणि आपण म्हणतो की बघा, नोकरी करून लिहिता येतं! आता तर प्राध्यापकाच्या जागाच भरत नाहीत. तासाचे पैसे मिळतात, तेही सहा-सहा महिन्यांनी. तुझ्या पिढीतला कादंबरीकार निदान प्रॉव्हिडंट फंड घेऊन घरी बसला. माझ्या पिढीतला वेब सिरीजचे संवाद लिहितो आणि कादंबरीची फाइल वर्षातून एकदा उघडतो.”

“पण उघडतो ना?”

“बंद करायला उघडतो.”

इथे मामाची बाजू लंगडी पडते, आणि फक्त नव्या पिढीपुरती नाही. अण्णा भाऊ साठ्यांना कुठल्या खात्याने पगार दिला होता? अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर त्यांनी १९४४मध्ये लाल बावटा कलापथक उभं केलं, तमाशाचं लोकनाट्य केलं, १९५९ला ‘फकिरा’ लिहिली, आणि १९६९मध्ये गोरेगावला हलाखीतच गेले. कलापथक, कामगारांची सभा, लोकवर्गणी यांच्यावर जगलेला आणि तरीही ज्याच्या पुस्तकांच्या आवृत्त्या आजही निघतात असा हा लेखक मामाच्या सिद्धांतात कुठेच बसत नाही. मामा ते नाकारत नाही, तो फक्त विचारतो, “आणि त्याची किंमत?”

नोकरीची आणखी एक बाजू आहे. ती भाचीने मुरुगन यांच्या निमित्ताने काढली.

“पगार देणारा हात कॉलरही धरतो, मामा. त्याची ‘मादोरुबागन’ ही कादंबरी २०१०ला आली, तेव्हा काही झालं नाही. इंग्रजी अनुवाद आला, आणि २०१४च्या डिसेंबरात तिरुचेंगोडला निदर्शनं, पुस्तक जाळणं. जानेवारीत बंद, मग नामक्कलला प्रशासनाने ‘शांतता बैठक’ बोलावली. तिथे या माणसाकडून माफीनामा लिहून घेतला. तो सरकारी नोकर नसता तर इतक्या सहज बोलावता आला असता? त्याने फेसबुकवर जाहीर केलं की लेखक पेरुमाळ मुरुगन मेला. मग बदली. त्या वेळी त्याच्यामागे उभं कोण राहिलं? नागरकोइलचं कालच्चुवडु. सुंदर रामस्वामींनी नियतकालिक म्हणून सुरू केलेलं, पुढे प्रकाशन झालेलं. आणि पुरोगामी लेखकांची संघटना, जी कोर्टात गेली.”

जुलै २०१६मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने लेखकाच्या बाजूने निकाल दिला. मुरुगन पुन्हा लिहू लागले. गायक टी. एम. कृष्णा यांच्यासाठी त्यांनी कर्नाटक संगीताच्या मैफलीत गाता येतील अशी पदंही रचली. ज्या मंचावर तोडी-भैरवीइतकंच त्यागराजांचं नाव पक्कं असतं, तिथे एका शेतकरी कुटुंबातल्या कादंबरीकाराचे शब्द पोहोचले. (मामाला हे माहीत नव्हतं. त्याने तिथल्या तिथे फोनवर शोधलं, अर्धा मिनिट ऐकलं आणि ‘आवाज चांगला आहे’ एवढाच शेरा दिला.)

पण याच कादंबरीत मामाला एक मुद्दा सापडला. ‘मादोरुबागन’साठी तिरुचेंगोडच्या परंपरांचा अभ्यास करायला मुरुगन यांना बंगळुरूच्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्सचं अनुदान मिळालं होतं. ही संस्था १९९३पासून आहे आणि कलावंतांना, संशोधकांना प्रकल्पापुरतं अर्थसाहाय्य देते. “म्हणजे बघ,” मामा म्हणाला, “पगार कॉलेजचा, अभ्यासाचा खर्च फाउंडेशनचा, छपाई प्रकाशकाची. तीन खिशांतून एक कादंबरी झाली. आणि तू म्हणतेस स्वतंत्र.”

“तीन खिसे होते म्हणूनच स्वतंत्र! एकच असता तर तो माफीनामा शेवटचा ठरला असता.”

या उत्तरावर मामाने चहा मागवला. वादात हरल्यावर चहा मागवायची त्याची जुनी सवय आहे.

चहाबरोबर विषय आंतरराष्ट्रीय बुकरवर गेला. जाणं भागच होतं. अलीकडे भारतीय कथेबद्दल दोन माणसं बोलली की तिसरा येतो तो बुकर. २०२२ला गीतांजली श्री यांच्या ‘रेत समाधि’चा डेझी रॉकवेल यांनी केलेला अनुवाद जिंकला, तो छापला होता टिल्टेड ॲक्सिस या लंडनच्या छोट्या, ना-नफा प्रकाशनाने. २०२५ला बानू मुश्ताक यांचा ‘हार्ट लॅम्प’ जिंकला. १९९० ते २०२३ या काळात लिहिलेल्या त्यांच्या कथांमधून बारा निवडून दीपा भास्ती यांनी त्यांचा अनुवाद केला. कथासंग्रहाला हा पुरस्कार पहिल्यांदाच मिळाला. प्रकाशक होतं शेफील्डचं अँड अदर स्टोरीज, तेही लहान. भाचीच्या दृष्टीने यातून एकच गोष्ट सिद्ध होते: जोखीम छोटे लोक घेतात.

“आणि भारतात छापलं कोणी? दोन्ही पुस्तकं?” मामाने विचारलं.

“पेंग्विनने.”

“हां. शेफील्डवाल्याने बी पेरलं, टेंपो पेंग्विनचा. पन्नास हजार पौंड लेखिका आणि अनुवादिका यांच्यात निम्मेनिम्मे झाले, फार चांगलं झालं. पण ती सोडत आहे गं. लाखात एकाला लागते. सोडतीवर कोणी दुकान चालवतं का? पुरस्काराचं सोड, साधं पुस्तक धर. किंमत तीनशे, प्रती पाचशे, रॉयल्टी दहा टक्के. सगळ्या खपल्या तर लेखकाला पंधरा हजार. खपायला लागतात तीन वर्षं. विक्रेत्याला आणि वितरकाला मिळून चाळीस-पन्नास टक्के जातात, तेही उधारीवर. महाराष्ट्रात अकरा-बारा हजार शासनमान्य ग्रंथालयं आहेत. त्यांची खरेदी झाली तर प्रकाशक तरतो, नाही झाली तर गाइडं छापतो. मी छापली.”

हे हिशेब मामाला तोंडपाठ आहेत आणि त्यात तो अतिशयोक्ती करत नाही. पण बानू मुश्ताक यांची गोष्ट त्याने बुकरपासून सुरू केली, तिथे तो चुकला, आणि भाचीने ते सोडलं नाही. बंडाय साहित्य चळवळीतून पुढे आलेल्या या लेखिकेच्या एका कथेवर गिरीश कासरवळ्ळी यांनी २००४मध्ये ‘हसीना’ हा कन्नड चित्रपट केला. त्यातल्या कामासाठी तारा यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. म्हणजे शेफील्डच्या वीस वर्षं आधी कर्नाटकातल्या समांतर सिनेमाने ही कथाकार ओळखली होती. कन्नडला हे कसं जमतं, या प्रश्नावर दोघांचा बराच वेळ गेला, आणि तो वाया गेला नाही.

शिवमोग्गा जिल्ह्यातल्या सागर तालुक्यात हेग्गोडु नावाचं गाव आहे. तिथे १९४९मध्ये गावकऱ्यांनी ‘नीनासम’ ही नाटकमंडळी सुरू केली. के. व्ही. सुब्बण्णा यांनी ती वाढवली. पुढे फिल्म सोसायटी आली, १९८०ला नाट्यशिक्षणाची संस्था, १९८५पासून ‘तिरुगाट’ ही फिरती नाटकमंडळी, जी दरवर्षी नवी नाटकं बसवून कर्नाटकभर प्रयोग करते. याच गावात सुब्बण्णांचं अक्षर प्रकाशन. शानभागांची ‘घाचर घोचर’ कन्नडमध्ये आली ती याच प्रकाशनाकडून, आणि श्रीनाथ पेरूर यांच्या इंग्रजी अनुवादातून पुढे जगभर गेली. १९९१मध्ये सुब्बण्णांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. नीनासमच्या संस्कृती शिबिरात लेखक, नट, प्राध्यापक आणि आसपासचे बागायतदार एकाच मांडवात बसून नाटक बघतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्यावर भांडतात. भाची एकदा तिथे जाऊन आली आहे. तिचं सांगणं असं की तिथला प्रेक्षक ‘कळलं नाही’ म्हणायला लाजत नाही, आणि पुण्यातला प्रेक्षक नेमका तिथेच लाजतो.

“तिथे कथा, नाटक, सिनेमा, पुस्तक यांची दारं एकमेकांत उघडतात, मामा. आपल्याकडे नाटकवाला कादंबरी वाचत नाही, कादंबरीकार नाटकाला येत नाही, आणि सिनेमावाला दोघांना फोन करतो तो फुकट गोष्ट मिळेल का विचारायला.”

मामाचे डोळे मात्र भलत्याच शब्दावर चमकले होते. “बागायतदार म्हणालीस? कशाचे?”

“सुपारीचे.”

“बघ! सुब्बण्णांच्या घरची सुपारीची बाग. शेवटी पगारच तो, झाडाला लागणारा.”

भाची हसली, पण तिने मुद्दा सोडला नाही. सुपारी सबंध मलनाडात पिकते. नीनासम एकच झालं. नुसती बाग असून काही होत नाही. फोर्ड फाउंडेशनचा पैसा आला तेव्हा तो गावोगावी नाटक आणि सिनेमा नेण्यासाठी खर्च झाला, इमारतींवरच संपला नाही, हेही तिने ऐकवलं. मामाने फोर्डचं नाव ऐकून भुवया उंचावल्या आणि पुन्हा ‘तीन खिसे’ असं पुटपुटला. या वेळी ते त्याच्या बाजूचं होतं की तिच्या, हे दोघांनाही नीट सांगता आलं नसतं.

खरी ठिणगी पडली ती यानंतर. मल्याळम लेखक एस. हरीश यांच्या ‘माओइस्ट’ या कथेवरून लिजो जोस पेल्लिस्सेरी यांनी २०१९मध्ये ‘जल्लीकट्टू’ केला, तो ऑस्करसाठी भारताकडून गेला. त्याच हरीश यांची ‘मीशा’ ही कादंबरी २०१८मध्ये साप्ताहिकातून क्रमशः येत असताना धमक्यांमुळे मागे घ्यावी लागली होती; पुढे पुस्तकरूपात आली आणि तिच्या इंग्रजी अनुवादाला २०२०चं जेसीबी पारितोषिक मिळालं. भाची हे उत्साहाने सांगत होती. छापील कथेचा गळा आवळला जातो तेव्हा पडदा आणि रंगमंच तिला श्वास देतात, असं तिचं म्हणणं. मराठीतही जयंत पवारांचं ‘अधांतर’ पडद्यावर ‘लालबाग परळ’ झालं, आणि ‘वरनभात लोन्चा नि कोन नाय कोन्चा’ ही कथा त्यांच्या मृत्यूनंतर, २०२२मध्ये, चित्रपट होऊन आली. गिरणगाव ज्यांनी कधी वाचला नाही त्यांनी तो पाहिला.

मामाने मधेच विचारलं, “तू ज्या कथांचे प्रयोग करतेस त्यांच्या लेखकांना किती देतेस?”

क्षणभर शांतता.

“प्रयोगाला पाचशे.”

“पाचशे!”

“नटांना शून्य. मला शून्य. लाइटवाल्याला पंधराशे, कारण त्याचे दिवे भाड्याचे. तिकीट दोनशे रुपये, खुर्च्या साठ, त्यातल्या वीस पासावर. हॉलचं भाडं गेल्यावर जे उरतं त्यातले पहिले पाचशे लेखकाचे. माझ्या ग्रुपमध्ये पैसे मिळणारा कलावंत एकच, तो लेखक. तुझ्या प्रकाशनात उलटं होतं. कागदवाला, बाइंडर, वितरक, सगळ्यांना मिळायचे. शेवटी लेखक.”

मामाला हे लागलं. तो उठून आतल्या खोलीत गेला आणि जुन्या करारांची फाइल घेऊन आला. प्रकाशकांच्या ठरावीक मसुद्यात ‘सर्व हक्क, सर्व काळासाठी, सर्व माध्यमांत’ असं एक कलम असायचं, ते त्याने बोट ठेवून दाखवलं. मग स्वतःच त्याची चिरफाड केली. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं १९वं कलम सांगतं की हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षंच धरायची आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर, करारात वेगळं काही ठरलेलं नसल्यास, तो लेखकाकडे परत जातो. म्हणूनच प्रकाशक मुदतीच्या जागी ‘सर्व काळ’ लिहायचे. २०१२च्या दुरुस्तीने सिनेमात वापरलेल्या साहित्यावरच्या रॉयल्टीचा वाटा लेखकाला सोडायला लावणं कठीण केलं. किती मराठी लेखकांनी सही करण्याआधी हे वाचलं असेल? प्रस्तावना कोणाची घ्यायची यावर महिना घालवणारा लेखक करारावर उभ्या उभ्या सही करतो, असा मामाचा अनुभव आहे, आणि या लेखाच्या लेखकाचाही तोच आहे.

“म्हणजे तुम्ही फसवत होतात,” भाची म्हणाली.

“आम्ही वाचत होतो. लेखक वाचत नव्हते.”

इथपर्यंत आल्यावर दोघांचं भांडण तेच राहिलं तरी त्याचा रोख बदलला. पैसा कुठून आला, हे सोडून आलेला पैसा वाटला कसा जातो, यावर गाडी आली. मानव कौल यांचं नाव इथे भाचीने काढलं. लोक त्यांना नट म्हणून ओळखतात. पण २००४पासून त्यांची ‘अरण्य’ ही नाट्यसंस्था आहे, स्वतःची नाटकं आहेत, कथा-कादंबऱ्या आहेत. २०२२मध्ये ते शुक्लांना भेटायला गेले आणि एका प्रकाशनाकडून तीन पुस्तकांची मिळून वर्षभराची रॉयल्टी सहा हजार रुपये आल्याचं त्यांनी समाजमाध्यमावर जाहीर केलं. गदारोळ झाला. प्रकाशकांनी आपली बाजू मांडली, आकड्यांवर वाद झाले. पण हिंदी लेखकांनी उघडपणे आपापले हिशेब मागितले. तो प्रश्न विचारणारा माणूस ना अकादमीतला होता ना विद्यापीठातला; छोट्या रंगभूमीतून आलेला, स्वतः पुस्तकं विकणारा लेखक होता. भाचीच्या मते स्वतंत्र कलेचा उपयोग हाच: तिथली माणसं हिशेब विचारायला घाबरत नाहीत, कारण त्यांचं कोणाकडे काही अडकलेलं नसतं.

मामा म्हणाला की नट म्हणून सिनेमातून पैसे मिळत होते, म्हणून घाबरले नाहीत. हा माणूस खरंच अवघड आहे.

(हे बोलणं झालं तेव्हा शुक्ल हयात होते. डिसेंबर २०२५मध्ये ते गेले. ३० लाखांचा धनादेश त्यांच्या हाती पडला तेव्हा त्यांचं वय ८८ होतं.)

मग केरळ आलं. १९४५मध्ये कोट्टायमला एम. पी. पॉल, कारूर नीलकंठ पिळ्ळै वगैरे बारा लेखकांनी १२० रुपये भांडवल जमवून साहित्य प्रवर्तक सहकारी संघ काढला. लेखकांची मालकी, लेखकांची दुकानं, आणि रॉयल्टी त्या काळातल्या कुठल्याही प्रकाशकापेक्षा जास्त. मल्याळम लेखक निदान काही दशकं पुस्तकांच्या पैशावर मान ताठ ठेवू शकला, त्यात या संघाचा मोठा हात. “आपण सहकारमहर्षींचे पुतळे उभारतो,” भाची म्हणाली. “साखर, दूध, सूत, पतपेढी, सगळ्याचा सहकार केला. लेखकांचा का नाही झाला?”

“कारण उसाचं वजन करता येतं,” मामा म्हणाला. “आणि त्या संघाचं पुढे काय झालं तेही सांग. डी. सी. किझाकेमुरी त्यातलेच. १९७४ला बाहेर पडले, डीसी बुक्स काढलं, आज मल्याळममध्ये सर्वांत मोठं तेच. संघ आहे अजून, पण बाजार खासगी प्रकाशकाकडे गेला.”

“तीस वर्षं टिकला की. तुझं प्रकाशन किती टिकलं?”

त्याच १९७४मध्ये इकडे महाराष्ट्रात ‘ग्रंथाली’ सुरू झाली होती, हे मामाने आठवण करून दिलं. ती वाचकांची चळवळ. आधी सभासद गोळा करायचे, मग पुस्तक काढायचं आणि गावोगाव न्यायचं. ‘बलुतं’ १९७८ला, ‘उपरा’ १९८०ला याच वाटेने आलं. दोन्ही आत्मकथनं, कादंबऱ्या नव्हेत, पण त्यानंतरच्या मराठी कादंबरीची भाषा त्यांनी बदलली हे कोणीही मान्य करील. ही पुस्तकं वाचकांनी आधी दिलेल्या पैशातून आली. मामाच्या सिद्धांताला यापेक्षा चांगलं उत्तर नाही, आणि ते त्याने स्वतःच दिलं. आपण काय बोलून गेलो हे त्याच्या बहुधा लक्षात आलं नाही. भाचीच्या आलं. तिने पिशवीतून वही काढली.

वहीत तिची योजना होती. बारा लेखक, प्रत्येकी दहा हजार. वर्षाला चार पुस्तकं, प्रत्येकाची तीनशे प्रतींची आवृत्ती, आगाऊ नोंदणीवर. पुस्तकातल्या एका कथेचा प्रयोग तिचा ग्रुप करणार, प्रयोगाच्या दारात पुस्तक विकणार, आणि तिकिटातला वाटा लेखकाला. नाटकाचे, सिनेमाचे, ऑडिओचे हक्क लेखकाकडेच राहणार.

मामाने चष्मा लावला आणि पहिल्याच पानावर तीन चुका काढल्या. टपालखर्च धरलेला नाही. कागदाचा भाव मागच्या वर्षीचा आहे. दहा हजार द्यायचे तर ज्याच्याकडे दहा हजार आहेत तोच लेखक येणार, “मघाशी मला निवड समिती म्हणालीस ना, मग ही कोणती?”

भाचीने दहा हजारांवर काट मारली आणि ‘जमेल तितके, मत प्रत्येकाला एक’ असं लिहिलं. मामाने ‘जमेल तितके’ला हरकत घेतली, किमान आकडा हवा म्हणाला. पाचशेवर तोडगा निघाला.

“रॉयल्टीचा हिशेब कधी द्यायचा?” त्याने विचारलं.

“३१ मार्च.”

“मार्च नको. ग्रंथालयांची अनुदानं उशिरा येतात, विक्रेत्यांची बिलं अडकलेली असतात. जून लिही.”

“जून लिहिला की ऑगस्ट होतो.”

“आणि मार्च लिहिलास की तुला पदरचे घालावे लागतील.”

“घालीन. आणि व्याजाचं कलमही टाकते.”

“व्याज?” मामा जवळजवळ ओरडला. “चाळीस वर्षांत कोणत्या प्रकाशकाने लेखकाला व्याज दिलंय?”

तिने व्याजाचा दर विचारला. मामाने बँकेपेक्षा एक टक्का कमी सांगितला, तिने एक टक्का जास्त लिहिला, आणि दोघं पुन्हा कागदाच्या भावाकडे वळली.